शालू, तो शेवटचा डबा मीच दिला

शालू,

दवाखान्यात तुला आत नेल्यावर थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी विचारलं, "बाई नीट जेवत होत्या का? वजन कमी करायचं काही चालू होतं का?"

गजाननभाऊ प्लांटमधून तसेच धावत आले होते, अंगावर युनिफॉर्म, कपाळावर हेल्मेटचा वळ. ते म्हणाले, "नाई जी. घरचंच जेवते ते." तुझ्या नवऱ्याला खरंच माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या हातात तुझी एक चप्पल होती. दुसरी तुमच्या अंगणातच राहिली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

आज अकरावा दिवस. परवा तुझी तेरवी. पहिले आठ दिवस फोन वाजला की मी दचकायचे. दारावर कुणी थाप दिली की वाटायचं, आले, आता विचारणार. तुला सगळं सांगायची सवय मला बोडीच्या तळ्यावर कपडे धुवायला जायचो तेव्हापासूनची. त्यामुळे हेही तुलाच सांगते आहे.

आपण एकाच गावच्या. दोघींचेही वडील तलावात जाळं टाकायचे, दोघींच्याही आया डोक्यावर टोपलं घेऊन मासोळी विकायला गावोगाव फिरायच्या. माझं लग्न होऊन मी वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरला आले, दोन वर्षांनी तूही आलीस, आणि आपली क्वार्टरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर निघाली. पहिल्या दिवशी तू म्हणालीस, "कुंदा, इथी तलाव नाई, पण तू आहेस." एवढ्यावर आपण बावीस वर्षं काढली.

गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर तुझं वजन वाढलं. बीपीची गोळी सुरू झाली. जिना चढताना तू मधेच थांबायचीस आणि मला म्हणायचीस, "तू हो पुढं, मी खाली पाहून राह्यली." खाली काहीच नसायचं. तेव्हा मी माझ्या पुढच्या खोलीत वजनाचा क्लब चालवत होते. सकाळी सहा-सात जणी यायच्या, काट्यावर उभ्या राहायच्या, पावडर पाण्यात घुसळून प्यायच्या. भिंतीवर माझे दोन फोटो होते, आधीची जाडी कुंदा आणि नंतरची बारीक कुंदा. दुसरा फोटो चार वर्षांपूर्वीचा होता. त्यानंतर माझं वजन जवळजवळ सगळं परत आलं, हे मी कुणालाच सांगितलं नाही. ढगळ गाऊन घालून काट्याशेजारी उभी राहायची. रोज भीती वाटायची की कुणीतरी म्हणेल, "ताई, तुम्ही पण चढा ना." कुणी म्हटलं नाही. तूही नाही. तुला दिसत होतं, शालू, तरी तू कधी बोलली नाहीस.

तूही माझ्या क्लबात यायला लागलीस. दोन वेळ शेक आणि एक वेळ जेवण, असं कागदावर होतं. तू ते एक वेळचंही सोडलंस. दोन महिन्यांत नऊ किलो. मी टाळ्या वाजवल्या, तुझा फोटो ग्रुपवर टाकला. मग तुझ्या कंगव्यात केसांचे गुंते यायला लागले. चंद्रपूरचा मे महिना, भिंतीला हात लावला तर पोळायचा, आणि तुझे हात गार. एक दिवस फोडणी देताना डोळ्यांपुढं अंधार आला आणि तू ओट्याखाली बसलीस. कढई उलटी झाली ती पलीकडच्या बाजूला, म्हणून वाचलीस. तुझी पोर प्राची कॉलेजात, गजाननभाऊ शिफ्टला. तू फक्त मला सांगितलंस. सांगताना हसत होतीस. मी मात्र घरी जाऊन पहिल्यांदा त्या पावडरच्या डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला बसले. निम्मं कळलं नाही.

सरकारी दवाखान्यातल्या आहाराच्या बाईकडे तूच मला ओढत नेलंस. वयानं आपल्या पोरींएवढी. तिनं तुझी गोळी हातात घेऊन पाहिली आणि म्हणाली, "मावशी, या गोळीनं लघवी जास्त होते, अंगातले क्षार जातात. ही घेऊन उपाशी राहणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. आणि आम्हाला विचारल्याशिवाय गोळी बंदही करायची नाही." मग कागदावर एक गोल काढला. अर्ध्या भागात भाजी, पाव भागात भात नाहीतर भाकर, उरलेल्या पाव भागात मासोळी, डाळ, अंडं, काय मिळेल ते. "काहीच बंद करू नका. तळण कमी, गोड कमी, चहातली साखर कमी. पण जेवायची वेळ चुकवू नका. महिन्याला एक-दोन किलो गेले तरी गंज झालं, पुष्कळ झालं. गेलं नाही तरी घाबरू नका."

मला ते फारच साधं वाटलं. एवढ्यासाठी का दवाखान्यात यायचं? परतताना बसमध्ये मी म्हटलं, "हे तर आपल्या मायचंच ताट काढलं हिनं. आपल्या माया असंच जेवायच्या, म्हणून तर काटक होत्या."

तू खिडकीतून बाहेर बघत होतीस. म्हणालीस, "कुंदा, माय उपाशी राहायची. तिच्या ताटात भाजी जास्त होती, कारण भात आपल्या ताटात होता. त्याले डाएट नको म्हणू."

 मग तूच म्हणालीस, "मले पोटभर जेवून बारीक व्हायचं आहे. मायले जे जमलं नाई, ते."

आणि ते तू केलंस. पाच महिने केलंस. रात्रीच्या भातात निम्मी कपात, त्या जागी अंबाडीची भाजी, पावसाळ्यात तरोट्याचा कोवळा पाला, झिंग्यांची चटणी, मरळ मासोळी मिळाली तर तिचा पातळ रस्सा. एका पळीच्या तेलात तू चार जणांचं करायचीस आणि मला चाखायला पाठवायचीस. ज्वारीची भाकर मला खपायची नाही, तू म्हणायचीस, "खपन. पोळी पण मायले पहिले कुठी खपत होती?" सकाळी नाश्त्याला मोड आलेली मटकी नाहीतर दोन अंडी. कुणाकडे लग्नात गेलीस तर बुंदीसुद्धा खायचीस, एक वाटी, आरामात बसून. मला आश्चर्य वाटायचं. मी तर एक बुंदी खाल्ली की आता सगळंच बुडालं म्हणून चार वाट्या खाणारी.

फिरायला मात्र भीतच गेलो. ऊर्जानगरात राहणाऱ्या माणसाला रोज चालत जा म्हणणं सोपं आहे, चालणं नाही. पाण्याच्या टाकीजवळ बिबट दिसल्यापासून आपण उजाडल्यावरच निघायचो, क्वार्टरांच्या आतल्या रस्त्यानं, कंपनीच्या बसगाड्या सुरू झाल्यावर. झुडपाच्या बाजूला तू चालायचीस. मी म्हणायचे, आज मी होते तिकडं. तू म्हणायचीस, "तुले काऊन? मी जाडी आहे, मलेच नेईल पहिले. तू पळजो." पाच महिन्यांत पाच किलो गेले. बीपी उतरलं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा तलावाच्या पाळीवर तू न थांबता चढलीस आणि वरून मला हाक मारलीस. मी खाली थांबले होते. मी खाली पाहत होते.

आपलं भांडण त्या पाळीवर झालं, ते अजून मिटलं नाही. तू विचारलंस, "तू हे अजून काऊन विकून राह्यली? तुलेच तर नाई पटत."

मी म्हटलं, "ज्याले पाहिजे ते घेते. मी का कोणाच्या तोंडात कोंबून राह्यली?"

"तू भितेस."

"कायले भिऊ?"

 त्याचं उत्तर मी देते आता. पोरं बाहेरगावी गेली, नवरा शिफ्टमध्ये आणि टीव्हीत. सकाळी त्या सहा-सात जणी आल्या नाहीत तर माझ्या दारात कोण येणार, याची मला भीती होती. तुझ्यासमोर लाजून मी नवा माल मागवणं बंद केलं, हे खरं. पण क्लब बंद केला नाही. कपाटात एक डबा शिल्लक होता.

मग प्राचीचं जमलं. गडचिरोलीची माणसं, चांगली. बघायला आले त्या दिवशी मुलाची मावशी तुझ्याकडे बघून हसत म्हणाली, "पोरीची आई कुठी आहे? मले वाटलं हे आजी बसली." सगळे हसले. तूही हसलीस. तू पोह्यांचा ट्रे घेऊन आत आलीस तेव्हा ट्रेमधले चमचे वाजत होते. ते मी ऐकले.

साखरपुड्याला पंचवीस दिवस होते. दुसऱ्या दिवशी तू माझ्या दारात उभी.

"एक डबा दे. एकच. साखरपुड्यापुरता."

मी म्हटलं, "आहाराच्या बाईनं नाई म्हटलं ना तुले."

"मले माहीत आहे सगळं. पंचवीस दिवसांत भाजी-भाकरीनं काय होते? तुले नाई द्यायचा तर दुसरीकडून आणतो."

मी कपाट उघडलं. शालू, यापुढचं तुला कळायला हवं. डबा काढून देताना मला बरं वाटलं. पाच महिने तू बरोबर होतीस आणि मी चूक. त्या दिवशी तू परत माझ्याकडे मागायला आलीस, तर आतून कुठंतरी मला हायसं वाटलं. तू म्हणालीस, "यांले सांगू नको, बोंबलतीन." मी म्हटलं, "मी कायले सांगू?"

अठराव्या दिवशी तुझा फोन आला. तीन दिवसांपासून जुलाब, पायात पेटके, छातीत धडधड. "कुंदा, हे बरोबर आहे का? डॉक्टरले दाखवू का?"

क्लबमध्ये आम्हाला जे शिकवलं होतं तेच माझ्या तोंडून निघालं. "शरीर साफ होऊन राह्यलं. घाण बाहेर पडते. दोन दिवसांत थांबन. पाणी पीत राह्य."

"बरं," तू म्हणालीस. तू माझं ऐकलंस.

फोननंतर चौथ्या दिवशी सकाळी कपडे वाळत घालताना तू अंगणात पडलीस. शेजारणीनं मला फोन केला. ऑटोत तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तुझ्या मनगटातली नाडी कशी तरी चालत होती. धावायची, थांबायची, पुन्हा धावायची. मी मोजायचा प्रयत्न केला, पण मोजता येईना. दुपारी दोनदा तुझं हृदय थांबलं, एकदा त्यांनी परत आणलं. चारच्या आधी डॉक्टर पुन्हा बाहेर आले. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.

त्यानंतरचे दिवस मी तुमच्या घरी रोज जेवणाचा डबा पोचवत होते आणि रोज स्वयंपाकघरात चोरून नजर फिरवत होते. तो पावडरचा डबा कुठंय? कुणाला सापडला तर? सापडला की गजाननभाऊ झाकण उघडतील, वास घेतील, आणि त्यांना माझी पुढची खोली आठवेल. तुझ्या फोटोपुढं दिवा जळत होता आणि मी पिठाच्या डब्यांमागं हात घालून बघत होते. अशी मी.

आठव्या दिवशी तो दिसला. ओट्यावर होता, उघडा. शेजारी प्राची उभी, हातात ग्लास, तोंडाला पांढरा फेस.

"काय पिऊन राह्यली बेटा?"

ती दचकली. मग म्हणाली, "आईसोबतच सुरू केलं होतं, मावशी. आई म्हणे, तू नको पिऊ, तू तर बारीकच आहेस. मी ती झोपली की प्यायची. आता जेवणच जात नाई, म्हणून हेच पिते."

"किती दिवसांपासून?"

"महिना होत आला." तिनं ग्लास खाली ठेवला. "मावशी, माह्याही पायात पेटके येते. आईसारखेच. मी पण मरन का?"

शालू, मी आयुष्यात खूप भ्यायले आहे. लहानपणी तलावात बुडता बुडता वाचले, ते पाणी अजून आठवतं. दवाखान्याच्या भिंतीशी भ्यायले. पण तुझी पोर तुझ्याच ओट्याशी उभी राहून हे विचारते, ती भीती वेगळी होती. ती आली आणि आधीच्या सगळ्या भीत्या पुसून गेल्या. आपलं नाव काय होईल, लोक काय म्हणतील, काहीच उरलं नाही. मी तिला "नाई" म्हणू शकले नाही, कारण तुला फोनवर मी असंच छातीठोकपणे सांगितलं होतं. मी म्हटलं, "मले माहीत नाई. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जाऊ."

गजाननभाऊ बाहेर पाहुण्यांत बसले होते. मी त्यांना आत बोलावलं आणि प्राचीसमोरच सगळं सांगितलं. डबा, फोन, जुलाब, मी काय म्हटलं ते. ते ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "डॉक्टरनं विचारलं तेव्हा तू तिथंच होती."

"होती."

"पोरीची चप्पल कुठी आहे पहा. चल."

ऑटोनं दवाखान्यात पोचलो. डॉक्टर तेच होते. या वेळी विचारायच्या आधी मीच बोलले, सगळं, पहिल्यापासून. त्यांनी प्राचीचं रक्त घेतलं, ईसीजीची पट्टी काढली. रिपोर्ट येईपर्यंतचे तास मी त्या बाकावर कसे काढले ते तुला सांगत नाही. पोटॅशियम थोडं कमी, रक्त कमी, पण हृदय ठीक. पावडर बंद, औषध चार दिवस, हळूहळू नेहमीचं जेवण, आठवड्यानं पुन्हा तपासणी. गजाननभाऊ बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी डॉक्टरांना विचारलं, "त्या दिवशी मी सांगतलं असतं, तर वाचली असती का?"

ते म्हणाले, "पोटॅशियम किती खाली आहे हे आम्हाला रक्तात दिसलंच होतं, उपचारही तोच चालू होता. तुमच्या सांगण्यानं फरक पडला असता का, मी सांगू शकत नाही. पावडरवर उपाशी राहणं, जुलाब आणि ती गोळी, तिन्ही एकत्र आलं. जुलाब लागले तेव्हाच आल्या असत्या तर गोष्ट वेगळी असती." ते थांबले. "बहुतेक."

आठ दिवस मी माझ्या गप्प राहण्याला भीत होते. घाबरायला हवं होतं ते माझ्या बोलण्याला. दोन दिवसांत थांबन, असं मी तुला म्हटलं होतं. 'बहुतेक' हा शब्द मला आता जन्मभर पुरणार आहे.

गेटपाशी गजाननभाऊ म्हणाले, "तेरवीले येऊ नको, कुंदाबाई." बावीस वर्षांत त्यांनी मला वहिनी सोडून काही म्हटलं नव्हतं. मी "बरं" म्हटलं.

घरी येऊन भिंतीवरचे फोटो काढले. ग्रुपवर लिहिलं, तुझं काय झालं ते, मी काय केलं ते, आणि माझं खरं वजन. चार जणी लगेच निघून गेल्या. मला हे शिकवणाऱ्या बाईचा फोन आला, ती बरीच ओरडली, कायद्याचं बोलली. ती भीती अजून आहे. एकीनं मात्र विचारलं, "ताई, मग आता काय पिऊ?" मी लिहिलं, "पिऊ नको. जेव. आणि गोळी चालू असेल तर आधी डॉक्टरकडे जा." तिला आहाराच्या बाईचा दिवस कोणता ते कळवलं. उद्या ती माझ्यासोबत येते आहे. मीही दाखवणार आहे. तूही दाखवून घे, असं तू म्हणायचीस, त्याला उशीर झाला.

आज दुपारी प्राची आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली.

"बाबा म्हणे, मावशीनं इकडं येऊ नये. मी तिकडं जाऊ नये असं नाई म्हटलं."

मी तिला आत घेतलं. नुकताच गॅस बंद केला होता. अंबाडी, डाळ, झिंग्यांची चटणी, भात. ताट वाढलं आणि समोर बसले. ती बराच वेळ ताटाकडे बघत होती.

"भीती वाटते खायची," ती म्हणाली.

"मलेही."

"तुले कायची?"

"तू नाई खाल्लं तर, त्याची."

तिनं पहिला घास घेतला आणि खूप वेळ चावला. दुसरा घेतला. मी तिच्या घशाकडे बघत होते, खाली उतरतो की नाही ते.  अंबाडी संपली, मग डाळ. बाहेर कंपनीची बस येऊन थांबली आणि गेली. मी उठायला घाबरत होते, उठले तर ती थांबेल म्हणून.

मग तिनं ताट माझ्याकडे थोडं सरकवलं.

"मावशी, अजून भात वाढ."

मी वाढला.